तिसरं उत्तर

त्यांचं नाव मी इथे लिहिणार नाही. हरकत अशी कुणाचीच नाही. पण ज्या माणसाने जन्मभर विचारल्याशिवाय कुणाला सुई टोचली नाही, त्याचं नाव त्याला न विचारता छापायचं माझ्या जिवावर येतं, आणि विचारायला आता ते नाहीत. उल्हासनगरपासून वांगणीपर्यंतचे डॉक्टर त्यांना 'साईं' म्हणायचे. आमच्याकडे कुठल्याही वडीलधाऱ्या सिंधी माणसाला तशीच हाक मारतात, त्यामुळे त्यावरून पत्ता लागायची भीती नाही.

साईं भूलतज्ज्ञ होते. लोकांच्या भाषेत झोपेचे डॉक्टर. आमच्या भागातल्या छोट्या हॉस्पिटलांत कायमचा भूलतज्ज्ञ नसतो. ऑपरेशन ठरलं की फोन करायचा, मग ते स्कूटरवरून येतात. सकाळी शहाडला अपेंडिक्स, दुपारी अंबरनाथला मोडलेला हात, संध्याकाळी बदलापूरला सिझेरियन. यायचं, झोपवायचं, जागं करायचं, निघायचं. पेशंट घरी जाऊन सर्जनला पेढे आणून देतो आणि झोपवणारा कोण होता ते त्याला आठवतही नाही. बाकीच्या भूलतज्ज्ञांना यात काही वावगं वाटत नसे. साईंना वाटत असे.

बदलापूरला मी माझं बाळंतपणाचं हॉस्पिटल नुकतंच सुरू केलं होतं, तेव्हा ते पहिल्यांदा आले. बरोबर स्वतःचं घडीचं स्टूल. थिएटरमध्ये आल्यावर त्यांनी ते टेबलाशेजारी उघडलं आणि पेशंटच्या डोळ्यांच्या जरा खालीच बसले. आडव्या पडलेल्या माणसाला मान वर करून बोलायला लावू नये, असं त्यांचं म्हणणं. मग तोंडावरचा मास्क खाली ओढला.

"अदी, चेहरा बघून घे. मी तुला झोपवणार. तोंड लपवून झोपवायला मी काय चोर आहे?"

अदी म्हणजे सिंधीत ताई. वय काहीही असो, टेबलावरची प्रत्येक बाई त्यांची अदी असायची. त्या दिवशीची अदी इथल्याच एका शाळेतली शिक्षिका होती. तिच्या गर्भाशयातली गाठ काढायची होती.

"आज तुझं काय करणार आहेत?" साईंनी विचारलं.

बाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. "मॅडमना माहीत आहे."

"मॅडमला माहीत आहे ते मला पण माहीत आहे. तुला काय माहीत आहे?"

मी तोवर हात धुऊन, ग्लोव्ह चढवून, दोन्ही हात छातीसमोर धरून उभी. या अवस्थेत सर्जनला नाकसुद्धा खाजवता येत नाही, तिथे भांडणार काय. साईंना हे पक्कं ठाऊक होतं, आणि त्यांचे प्रश्न नेमके तेव्हाच सुरू व्हायचे. बाई अडखळत सांगू लागल्या. गाठ काढणार की पिशवीच काढणार, इथे त्या थांबल्या. मी त्यांना दोनदा समजावलं होतं, त्यांनी दोनदा मान हलवली होती, आणि तरीही त्यांना ते नीट कळलेलं नव्हतं. शाळेत पोरांच्या माना हलताना बघून 'समजलं का?' विचारणारी बाई ती. स्वतःची मान हलवताना तिला ते आठवलं नसावं.

ऑपरेशन झाल्यावर मी साईंवर तापले. "हे सगळं ओपीडीत विचारायचं असतं. टेबलावर कोण विचारतं?"

"ओपीडीत पेशंट असतो कुठे?" ते म्हणाले. "तिथे सासू असते, नवरा असतो, नवऱ्याचा मोठा भाऊ असतो. कोपऱ्यात अदी बसलेली असते, खाली बघत. बेटा, साऱ्या दुनियेत ही एकच खोली आहे, जिथे तिच्या घरचं कुणी येऊ शकत नाही. इथे नाही विचारणार, तर कुठे विचारू?"

मी तेव्हा हसले होते.

साईंचा राग होता तो आग्रहावर. अंबरनाथला एका डॉक्टरच्या मुलाच्या लग्नात आम्ही शेजारी जेवायला बसलो होतो. वाढपी जिलबी घेऊन आला. साईं नको म्हणाले. त्याने एक टाकली. साईंनी दोन्ही हात ताटावर धरले, तर यजमानीणबाई स्वतः आल्या, "असं कसं, माझ्या हातची एक घ्यावीच लागेल," आणि त्यांच्या बोटांवर जिलबी ठेवून गेल्या. पाकाने चिकट झालेले हात तसेच धरून साईंनी मला तिथे पंगतीत व्याख्यान दिलं.

"तुम्ही मराठी लोक आणि आम्ही सिंधी लोक, इथे दोघे सारखे. 'नको' म्हटलं की वाढणारा समजतो, लाजतो आहे, अजून वाढा. 'हो' म्हटलं की माणूस हावरट. लहानपणापासून आपण शिकतो, खरं बोलायचं नाही. मग एक दिवस हाच माणूस माझ्या टेबलावर येतो आणि 'हो' म्हणतो. मी त्याच्या 'हो'वर विश्वास ठेवू?"

म्हणून ते प्रत्येक प्रश्न तीनदा विचारायचे. पहिलं उत्तर घरच्यांचं, दुसरं डॉक्टरचं, तिसरं ज्याचं त्याचं, असा त्यांचा हिशेब. घरी चहाचंही हेच. "चहा हवा आहे, की मी विचारतो म्हणून?" त्यांच्या बायकोला, म्हणजे आम्ही सगळे जिला आंटी म्हणायचो तिला, या छळाचा अगदी वीट आला होता. ती बिचारी उल्हासनगरच्या रीतीप्रमाणे पाहुणा दारात दिसला की पाणी आणि पापड पुढे करायची, आणि हे तिच्यामागून येऊन पाहुण्याची उलटतपासणी घ्यायचे. "इनके मारे मेहमान भूखे जाते हैं," ती म्हणायची. खरं तर कुणी उपाशी जात नसे, कारण साईंची पाठ वळली की आंटी ताट भरून टाकायची.

'काही होणार नाही, घाबरू नका' हे वाक्य आम्ही डॉक्टर दिवसातून किती वेळा म्हणतो कोण जाणे. साईंच्या तोंडून ते कधी आलं नाही. ते म्हणायचे, "बहुतेक सगळं नीट होईल. नाही झालं, तर हे हे करू." हे ऐकून नातेवाइकांच्या तोंडचं पाणी पळायचं. पेशंट मात्र का कोण जाणे शांत व्हायचा.

उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातला एक बडा दुकानदार हर्नियासाठी कुणाकडे तरी दाखल झाला होता. ही गोष्ट साईंनी नाही, त्या सर्जननेच दातओठ खात मला सांगितली. साईंनी नेहमीचा प्रश्न विचारला. दुकानदार हात जोडून म्हणाला, "डॉक्टर साब, आप भगवान हो, जो करना है करो."

"भगवानकडे जायचं असेल तर रस्ता वेगळा आहे, साईं," आमचे साईं त्या साईंना म्हणाले. "मी तुम्हाला इथेच ठेवायला आलो आहे. काय करणार ते सांगा."

बोलता बोलता त्या माणसाला पहिल्यांदाच कळलं, की त्याचा हर्निया आजच्या आज कापायलाच हवा असं काही नाही. थोडं थांबून, वजन उतरवूनही करता येईल. त्याला वाटत होतं, आज नाही केलं तर उद्या मरेन. तो टेबलावरून उतरला, हिरवा झगा घालून तसाच बाहेर आला आणि बायकोला म्हणाला, चल घरी. वजन उतरवून पुढे त्याने तेच ऑपरेशन त्याच सर्जनकडून करून घेतलं, पण त्या हॉस्पिटलने साईंना पुन्हा बोलावलं नाही. हळूहळू बाकीच्यांनीही सोडलं. 'पेशंट उतरवणारा डॉक्टर' असं नाव पडलं त्यांना.

मी सोडलं नाही. सुरुवातीला कारण साधं होतं: नव्या हॉस्पिटलला दुसरं कुणी येत नव्हतं. मग सवय झाली. माझ्या नाकी नऊ यायचे, सिस्टर घड्याळाकडे बघायच्या, पण साईंच्या केसमध्ये ऑपरेशननंतर भांडण कधी व्हायचं नाही, हेही माझ्या लक्षात आलं होतं.

आणि ते हट्टी असले तरी पोथीनिष्ठ नव्हते. एकदा पालेगावच्या एका म्हाताऱ्या आजींनी त्यांनाच झापलं. "मना काय नाय ऐकायचा. तू झोपव मना."

"खरंच नाही ऐकायचं?"

"नाय."

"अगदी काहीच नाही?"

"नाय रं बाबा! किती इचारतंस!"

साईं खूश. "हे पण उत्तर आहे," म्हणाले, आणि स्टूल मिटून कामाला लागले.

आता जिच्यामुळे हे लिहायला बसले, तिच्याबद्दल. तिला मी विचारलं आहे. 'नाव सोडून काय पण लिहा,' असं तिचं उत्तर आहे.

ती खरवईची. सासरची शेती बिल्डरकडे गेली आणि जुन्या घराशेजारी उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये त्यांना फ्लॅट मिळाला, अशा घरांपैकी एक घर. नवरा अंबरनाथच्या एमआयडीसीत कामाला, अबोल. सासू बोलकी, दांडगी, मनाने वाईट अजिबात नाही. सुनेचं डोकं स्वतः विंचरून द्यायची. दोन मुली, दोन्ही सिझेरियनने. दुसऱ्या वेळी इतका रक्तस्राव झाला होता, की ती हातची जाते असं मला वाटलं होतं. आता तिसरी खेप. मी ओपीडीत सगळ्यांसमोर स्पष्ट सांगितलं, की यानंतर गरोदर राहणं तिच्या जिवावर बेतू शकतं. सिझेरियनच्या वेळीच कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन करून घ्या, वेगळी जखमही नको.

नवऱ्याने आईकडे बघितलं. सासू म्हणाली, "पोरगा झाला तं करू. नायतं पुढचे पुढं बगू. देव हाय." सुनेला मी विचारलं, तर तिने जमिनीकडे बघून मान हलवली. कशाला हलवली, ते तिलाच माहीत.

ठरलेल्या सकाळी ती टेबलावर बसली. पाठीत इंजेक्शन द्यायच्या आधी साईंनी स्टूल ओढलं.

"अदी, आज काय करणार आहेत?"

"सिझर. पोट कापून बाळ काढणार. मागच्या दोघी पण तशाच."

"अजून काही?"

"आई म्हणतात, पोरगा झाला तर पुढचं बघू."

"हे आईंचं झालं. अजून?"

"मॅडम म्हणतात, परत राहिलं तर मी वाचणार नाय."

"हे मॅडमचं झालं. तू काय म्हणतेस?"

ती दाराकडे बघत राहिली. दार बंद होतं.

"इथं कोण येणार नाय ना?"

"कुणी नाही."

"मग ते पण करून टाका. बंदच करून टाका. आणि बाहेर सांगू नका."

सिस्टर माझ्याकडे बघायला लागली. मी साईंकडे. साईं मात्र घाई नसल्यासारखे बसून होते.

"हे परत उघडत नाही, असंच समज."

"माहितीये. माझ्या बहिणीचं झालंय."

"आज मुलगा झाला तर?"

"तरी करा."

"मुलगी झाली तर?"

"तरी. घरी दोघी आहेत, त्यांना आई पाहिजे. मागच्या टायमाला मला इथून मोठ्या हॉस्पिटलला हलवत होते ना, तेव्हा मोठी पोरगी गाडीच्या मागं पळत होती. मला ते दिसत होतं, पण बोलता येत नव्हतं."

"आणि आज बाळालाच काही झालं तर?"

मला साईंचा असा राग आला म्हणून सांगू. बाळंत व्हायला बसलेल्या बाईला कुणी असं विचारतं? तिचाही चेहरा उतरला. ती पोटावर हात ठेवून बसली, आणि मग जे बोलली, तेवढी स्पष्ट संमती मी कुठल्याही छापील कागदावर वाचलेली नाही.

"बाळ रडलं, की करा. नाय रडलं तर नका करू. मग मला नंतर परत विचारा."

मी साईंना कोपऱ्यात बोलावलं. कायद्याला नवऱ्याची सही लागत नाही, बाईची पुरते, हे मला माहीत होतं. पण बदलापूरला लागते. याहून साध्या कारणावरून माझ्या ओळखीच्या एका डॉक्टरच्या काचा फुटल्या होत्या. बाहेर बाकावर तिचा दीर, चुलत दीर, सासरा, सगळे बसले होते. हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण होतं, आणि तसं मी त्यांना म्हटलं.

"बरोबर आहे," साईं म्हणाले. "तुला नको असेल तर नाही म्हण. मी तुला पण विचारतो आहे."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर अदीला आत्ता सांगायला पाहिजे, की डॉक्टर घाबरते. तिला भरवशावर ठेवायचं नाही. तू सांगतेस की मी सांगू?"

मी टेबलाजवळ गेले. काय सांगणार होते, ते मला जाईपर्यंत माहीत नव्हतं. ती माझ्याकडे बघत होती. ओपीडीत कधी बघितलं नव्हतं, तसं सरळ. मी म्हटलं, "करते." सिस्टरच्या समोर तिने सही केली, सावकाश, पूर्ण नाव लिहून. मग साईंनी तिला पाठ वाकवायला सांगितली.

मुलगी झाली, आणि ती रडली नाही. असं होतं कधी कधी; एखादं मिनिट आम्ही धरूनच चालतो. पण त्या दिवशी ते मिनिट संपेना. बालरोगतज्ज्ञ तिला पुसत होते, पाठ चोळत होते. माझे हात त्या बाईच्या पोटात. साईं तिच्या डोक्याशी वाकून होते. ते म्हणाले नाहीत, की सगळं ठीक आहे. म्हणाले, "अजून रडलं नाही, अदी. प्रयत्न चालू आहे. मी सांगतो तुला."

मग ती पोरगी अशी काही किंचाळली, की बाहेरच्या बाकावरून कुणीतरी 'झाला, झाला' म्हणून ओरडलं.

"ऐकलंस?" साईंनी विचारलं.

"ऐकलं." तिच्या डोळ्यांतून पाणी कानांकडे वाहत होतं.

"मुलगी आहे."

"बरं."

"मग?"

"करा म्हटलं ना!"

मी केलं.

बाहेर सासूने साईंना गाठलं. "लय टाइम लागला. काय काय केलात?"

"तिला विचारा," साईं म्हणाले. "जे केलं ते सगळं तिला माहीत आहे." हे ते सगळ्याच नातेवाइकांना सांगायचे, त्यामुळे ना त्यांचा चेहरा बदलला, ना आवाज. सासू मागे वळून जावेला म्हणाली, "ह्यो डोकटर येडा हाय," आणि नातीला बघायला गेली.

मी खाली आले, तर साईं स्कूटरपाशी नुसते उभे.

"बेटा," ते म्हणाले, "घाबरलेल्या बाईचं 'हो' खरं असतं का? टेबलावरचं?"

मी थक्क झाले. इतकी वर्षं दुसऱ्यांना टेबलावर प्रश्न विचारणारा हा माणूस! "हे तुम्ही मला विचारता?"

"मी तिला विचारलं, कारण दुसरी जागा नव्हती. पण ही जागा चांगली होती असं थोडंच आहे? उद्या तिला वाटलं, म्हाताऱ्याने विचारलं म्हणून मी बोलून गेले, तर?"

पुढे कितीतरी वेळा ते मध्येच विचारायचे, "ती खरवईची अदी परत आली का? काय म्हणते?" टाके काढायला आली होती, ठीक आहे, एवढंच मी सांगायची. मग त्यांचा हात थरथरायला लागला. ज्या दिवशी ते लक्षात आलं, त्या दिवशी त्यांनी आपण होऊन काम बंद केलं. थरथरत्या हाताची सुई कुणी विचारपूर्वक मान्य करणार नाही, म्हणाले.

त्यानंतर एका सकाळी ती माझ्या ओपीडीत आली. सासूबरोबर.

"दीस जात नाय," सासूने सुरुवात केली. "धाकटी शालंत जाय लागली. हिला तपासा."

मी सासूला बाहेर बसायला सांगितलं. ती हलेना. "माजेसमोर तपासा. मी काय परकी हाय?" मी सुनेकडे बघितलं. खोटं मला बोलायचं नव्हतं आणि खरं माझं नव्हतं.

"मी करून घेतलंय, आई," ती म्हणाली. "धाकटीच्या टायमालाच."

सासू उठून उभी राहिली. आधी माझ्यावर घसरली. "कोनला इचारून केलात?"

"तिला विचारून."

"आन आमाला?"

"आई, त्यांना बोलू नका. त्यांना नको होतं करायला, घाबरत होत्या त्या. मीच सांगितलं." ती थांबली नाही. "मला मरायचं नव्हतं."

सासू बसली. टेबलावरच्या माझ्या पेनाकडे बघत राहिली. मला वाटलं, आता रडेल किंवा माणसं बोलावेल. तिने दोन्ही केलं नाही.

"मना पन नको व्हता," ती म्हणाली. कुणाला म्हणाली, ते कळलं नाही. "चौथे पाठी मना नको व्हता. पुढं पाच झाली. त्यातली दोन रायली. पन सांगनार कोनला?"

पंखा फिरत होता. बाहेर नंबर पुकारला जात होता, आणि मी कंपाउंडरला हाताने थांबवलं.

"माजे पोराला कोन सांगनार?" तिने सुनेला विचारलं. "मी सांगू?"

"नको. मी सांगते."

"मंग मी जवल बसू का?"

त्या बाईने सुनेला अशी परवानगी कधी मागितली असेल, असं मला वाटत नाही. सून 'हो' म्हणाली.

त्याच संध्याकाळी मी उल्हासनगरला गेले. साईं गॅलरीत खुर्चीवर बसले होते. मी उत्साहात सुरुवात केली, "साईं, ती खरवईची..." तर त्यांनी थरथरता हात वर केला.

"तिने सांगायला सांगितलं आहे?"

"अहो, तुम्ही होतात त्या खोलीत!"

"त्या दिवशी होतो. आजच्या गोष्टीत मी नाही."

मी चिडून पापड मोडत बसले. इतकी वर्षं ज्या उत्तरासाठी हा माणूस तळमळत होता, ते मी घेऊन आले होते आणि त्याने दारातच अडवलं. दुसऱ्या दिवशी मी तिला फोन केला. ती म्हणाली, "तुम्ही कशाला सांगता? मीच येते."

आणि काही महिन्यांनी आली. शाळेतून आलेली धाकटी बरोबर, गणवेशातच. आंटीने पोरीला आत नेलं. ती साईंच्या समोर बसली आणि तिने सगळं सांगितलं. नवरा महिनाभर बोलला नाही. एकदा म्हणाला, मला सांगितलं असतं तर मी काय नाही म्हटलं असतं? 'म्हटलं असतं,' असं तिने त्याला तोंडावर सांगितलं. मग हळूहळू बोलायला लागला. आता मुलींना शाळेत तोच सोडतो.

साईं ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, आणि त्यांचा आवाज इतका हळू होता, की तिला पुढे वाकावं लागलं.

"पस्तावतेस का, अदी? खरं सांग."

मला वाटलं, ती 'नाही' म्हणेल. म्हाताऱ्या माणसाचं समाधान म्हणून कुणीही म्हणालं असतं.

"कधी कधी," ती म्हणाली. "जावेचा पोरगा बघितला की पस्तावते. मग रडून घेते जरा. पण ते माझं मी करते, डॉक्टर. ते माझं आहे."

साईं तिच्याकडे बघत राहिले. तीनदा विचारणाऱ्या या माणसाच्या पुढच्या प्रश्नाची मी वाट बघत होते. त्यांनी विचारला नाही.